आरटीई संपलं, आता नववी. मनपाच्या माध्यमिक शाळेत घालावं का?

सातपूरची_आई | 6 मे, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. वाचक जुनी आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगी पहिलीपासून आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून एका खाजगी इंग्रजी शाळेत शिकली. स्टेट बोर्ड. आठवीचा निकाल घ्यायला गेले तर निकालासोबत ऑफिसातून अजून एक कागद हातात दिला. नववीची फी, टर्म फी आणि कसली कसली 'ॲक्टिव्हिटी' धरून वर्षाचे 52 हजार. आरटीई आठवीपर्यंतच असतं हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तरी कागद बघून पाय लटपटले. मिस्टर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत व्हीएमसी मशीन चालवतात, मी घरी ब्लाउज शिवते. धाकटा चौथीत.

घरापासून चालत दहा मिनिटांवर मनपाची माध्यमिक शाळा आहे, सेमी इंग्रजी. परवा भाजी आणता आणता आत डोकावले. सुट्टी लागलेली, शिपाईमामांनी एक वर्ग उघडून दाखवला. भिंतीवर मुलांनी केलेला तक्ता होता. मधे कांद्याचं चित्र आणि भोवती वर्गातली पोरं घरी कांद्याला काय म्हणतात ते. कांदा, प्याज, डुंगळी, कांदो, उल्लिपाय, ईरुळ्ळी. प्रत्येकाखाली ज्याने सांगितलं त्याचं नाव. मामा म्हणाले, "मॅडम, निम्मी पोरं कंपनीवाल्यांची. यूपी, बिहार, आंध्र, राजस्थान, आणि आपली खान्देशातली तर किती."

मला तो तक्ता आवडला. पण शेजारच्या काकू म्हणतात, "आठ वर्षं इंग्रजीत शिकवून आता भय्यांच्या पोरांत घालणार का?" नातेवाईक वेगळं काही म्हणत नाहीत. मुलगी म्हणते, "आई, मला चालेल." पण ती फी वाचवायला म्हणतेय की मनापासून, ते मला कळत नाहीये.

कोणाची मुलं अशा शाळेत शिकली आहेत का? इंग्रजीतून मराठीत आल्यावर काय अडतं? खरं खरं सांगा.

चिवडाप्रेमी | 6 मे, रात्री 10:52

कांद्याचा तक्ता वाचूनच डोळ्यांत पाणी आलं. बसलो शेव-चिवडा घेऊन.

पुण्याहून_परत | 6 मे, रात्री 11:15

ताई, स्पष्ट लिहितो, राग नसावा. नववी-दहावीला शाळा बदलणं म्हणजे चालत्या बसमधून उतरून दुसरी पकडणं. 52 हजार दोन वर्षांचे लाखभर होतात. आरडी मोडा, भिशी उचला, पण तिथेच ठेवा. इंग्रजीचं वातावरण एकदा तुटलं की तुटलं. आणि मनपाच्या शाळेत शिक्षक वर्गावर कमी आणि सर्व्हेवर जास्त असतात, हे नाशकात कुणाला सांगायला नको.

गोदाकाठचा | 6 मे, रात्री 11:31

"भिशी उचला" हे सांगणारे लोक भिशीचे हप्ते भरायला येत नाहीत. बाकी चालू द्या.

निवृत्त_मास्तर | 7 मे, सकाळी 6:20

सौ. ताई, मी मनपाच्या माध्यमिक शाळांत 26 वर्षं गणित शिकवून निवृत्त झालो. चहा घेऊन सविस्तर लिहितो.

आधी भाषेचं. कन्या इंग्रजी माध्यमात होती म्हणजे इंग्रजी तिची प्रथम भाषा आणि मराठी 'अक्षरभारती' पुस्तकाचं, सोपं. सेमीत हे उलटं होतं. मराठी प्रथम भाषा, म्हणजे 'कुमारभारती' पुस्तक. इंग्रजी तृतीय भाषा, तो पेपर तिला अगदीच हलका जाईल. गणित आणि विज्ञान सेमीत इंग्रजीतूनच, त्यामुळे बीजगणित, भूमिती, विज्ञानाचे दोन्ही भाग, पुस्तकं तीच. म्हणजे अडणार कुठे? कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत, आणि इतिहास-राज्यशास्त्र व भूगोल मराठीतून लिहिताना. "पॉप्युलेशन डेन्सिटी" म्हटलं की तिला कळेल, "लोकसंख्येची घनता" म्हटलं की दोन सेकंद थांबेल. ही दोन सेकंदं दिवाळीपर्यंत टिकतात, नंतर जातात. अनेक पोरांची जाताना पाहिली आहेत.

दुसरं, टक्केवारी. बोर्डात सहा विषयांचे 600 गुण, पण टक्केवारी सर्वांत चांगल्या पाच विषयांची, 500 पैकी. एखाद्या विषयात मराठीने दगा दिला तर तो गळतो. अर्थात त्यात पास व्हावंच लागतं.

तिसरं, जे कुणी आधी सांगत नाही. खिचडी आठवीपर्यंत. फुकट पुस्तकंही आठवीपर्यंत. नववीच्या पोरांना ती खालच्या वर्गांची शिट्टी वाजलेली ऐकत आपला डबा उघडावा लागतो, आणि काहींकडे डबा नसतो. शाळा फुकट असली तरी पुस्तकं, वह्या, प्रयोगवही असा खर्च आहेच, पण 52 हजारांच्या मानाने तो काहीच नाही.

आता शाळा कशी पारखायची. इमारत बघू नका, डिजिटल फळा तर मुळीच बघू नका. तीन गोष्टी विचारा:
गणित आणि विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर?
गेल्या वर्षी नववीच्या हजेरीपटावर किती नावं होती आणि यंदा दहावीला किती बसली?
प्रयोगशाळेची किल्ली कुणाकडे असते? या प्रश्नावर मुख्याध्यापकांनी शिपायाकडे बघितलं तर समजून जा.

प्रेसवाली | 7 मे, सकाळी 9:05

मास्तर, दुसरा प्रश्न एकदम मर्मावर! "दहावीचा निकाल 100 टक्के" असा फ्लेक्स लावणाऱ्या कित्येक शाळा कच्ची पोरं नववीतच गाळतात. हे मनपातच होतं असं नाही, खाजगीत तर जास्त.

मी नाशिकरोडची. वडील प्रेसमध्ये. त्या वेळच्या आमच्या वर्गात तमिळ, बंगाली, मल्याळी, पंजाबी, सगळे होते. नोटा आणि स्टॅम्प छापायला देशभरातून माणसं आलेली. तेव्हा कुणी "मल्टिकल्चरल" म्हणत नव्हतं. डबे उघडले की इडली, लुची आणि आपली मेथीची भाजी एका बाकावर. आता तीच मिसळ सातपूर-अंबडला आली, फक्त लोक कारखान्यातले आणि बांधकामावरचे आहेत, म्हणून "भय्यांची पोरं" झाली. सरकारी नोकरीतला परप्रांतीय आणि कंत्राटी परप्रांतीय यांत हा फरक.

देवळाली_कॅम्प | 7 मे, सकाळी 9:40

+1. आम्ही सिंधी, देवळालीचे. आजोबा फाळणीत आले तेव्हा त्यांनाही कुणीतरी असंच काहीतरी म्हटलं असेल. आता लोक आमच्याकडूनच शेवेचा भाव विचारतात.

पुण्याहून_परत | 7 मे, सकाळी 10:12

प्रेसवाली ताई, तुमच्या काळातल्या तमिळ-बंगाली मुलांचे आईबाप शिकलेले होते. आत्ताच्या वर्गात अर्ध्या पोरांच्या घरी अभ्यास घेणारं कुणी नाही. मास्तर शिकवणार कुणाला? ज्याला "माझं पुस्तक" नीट म्हणता येत नाही त्याला की कुमारभारतीच्या मुलीला? वर्गाची गती सगळ्यांत मागच्या पोराच्या गतीने ठरते, हे कटू सत्य आहे. परप्रांतीय वगैरे मी काही म्हणत नाहीये.

निवृत्त_मास्तर | 7 मे, सकाळी 11:30

पुण्याहून_परत, तुमचा मुद्दा पोकळ नाही. पण "माझं पुस्तक" हे उदाहरण तुम्ही अजाणता अचूक घेतलंत, म्हणून थोडं अवांतर.

हिंदी पट्ट्यातून आलेल्या पोराला मराठीत खरं काय अडतं? शब्द नाही अडत, नपुंसकलिंग अडतं. त्याच्या भाषेत दोनच लिंगं. किताब स्त्रीलिंगी, म्हणून तो म्हणतो "माझी पुस्तक". आपण हसतो. माझ्या वर्गात बिहारातल्या सिवानकडचा एक मुलगा होता, बापाचं एमआयडीसीत चहाचं टपरीवजा दुकान. त्याने वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती: ते पाणी, ते घर, ते मूल, ते दप्तर, ते त्रिकोण. मी म्हटलं, बाबा, त्रिकोण 'तो'. त्याने खोडलं आणि विचारलं, "सर, मग वर्तुळ?" मी म्हटलं, 'ते'. म्हणाला, "क्यों?" 26 वर्षांत मला या "क्यों"चं उत्तर देता आलं नाही.

पुढे ह्याच पोराने 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला, भाषणात दुसरा नंबर काढला. कुसुमाग्रजांच्या गावात. पहिला नंबर आमच्याच एका शिक्षिकेच्या मुलीला गेला, त्यावर न बोललेलं बरं.

गतीबद्दल: वर्गाची गती मागचा मुलगा ठरवत नाही, शिक्षकांची रिकामी खुर्ची ठरवते. माझ्या एका वर्षी विज्ञानाला दिवाळीपर्यंत कुणी नव्हतं. मी गणितवाला, प्रकाशाचे अपवर्तन शिकवत होतो. त्या वर्षीचा निकाल विचारू नका.

खान्देशी_भो | 7 मे, दुपारी 1:15

भो, बिहारचं राहू द्या, आमचं ऐका! शिरपूरहून सिडकोत आलो तेव्हा मी सातवीत. मराठी माध्यम, मराठी मुलगा. पहिल्या दिवशी पोराला विचारलं, "कथा जाई ऱ्हायना रे भो?" अख्खा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "शुद्ध बोल." मी सहा महिने बोललोच नाही. घरी अहिराणी, शाळेत मौनव्रत.

तेव्हा "परप्रांतीय" शब्द फार लांबचा आहे, दोनशे किलोमीटरवरचाच माणूस नाशकात परका होतो. ताई, त्या कांद्याच्या तक्त्यात अहिराणी होती का?

सातपूरची_आई | 7 मे, दुपारी 2:02

होती ना दादा! "कांदा (अहिराणी)" असं वेगळं लिहिलेलं. मला आधी वाटलं चुकून दोनदा लिहिलंय.

खान्देशी_भो | 7 मे, दुपारी 2:10

शब्द तोच, तरी वेगळी ओळ दिली. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा.

वडाळा_नाका | 7 मे, दुपारी 3:48

माझा अनुभव उलट्या दिशेचा. मी आठवीपर्यंत उर्दू माध्यमात, नववीला मराठी सेमीत. उजवीकडून डावीकडे लिहिणारा हात डावीकडून उजवीकडे वळवायला लागला, तेही भूमितीच्या वहीत. उर्दूतला "मुसल्लस" आणि मराठीतला "त्रिकोण" एकच आहे हे कळायला एक अख्खी चाचणी गेली.

पण ताई, भीती वाटली होती तेवढं काही झालं नाही. मला वाचवलं ते दोन गोष्टींनी. एक, भूगोलाच्या बाईंनी पहिल्या सत्रात मला उत्तरं हिंदी-मराठी मिसळून लिहू दिली आणि बाजूला पेन्सिलने मराठी शब्द लिहून देत गेल्या. दुसरं, शेजारी बसणारा पेठचा मुलगा, जो स्वतःच मराठीत चाचपडत होता. आम्ही दोघं मिळून एका माणसाएवढं मराठी बोलायचो. आज मी फार्मसीत आहे, तो कुठे आहे कुणास ठाऊक.

पेठ_सुरगाणा | 7 मे, संध्याकाळी 7:26

वडाळा_नाका, तो मी नव्हे, पण असू शकलो असतो. :)

मी पेठ तालुक्यातला, कोकणा आदिवासी. आमच्या पोरांना सरकार "मराठी माध्यम" म्हणतं आणि मराठी ही आमची "प्रथम भाषा" धरतं. घरी कुणी ती बोलत नाही. आश्रमशाळेत पहिलीला सरांनी काही विचारलं की आम्ही सगळे एकसुरात "हो सर" म्हणायचो, प्रश्न काहीही असो. पाचवीत कधीतरी पुस्तकातलं मराठी आणि कानावरचं मराठी एक झालं.

गंमत बघा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशकात, एकलव्य निवासी शाळा पेठ रोडला, वसतिगृहं नाशकात, आणि तरी नाशिक शहरातल्या वर्गात आदिवासी पोरगा उभा राहिला की पहिला प्रश्न "तुझं गाव कुठे?" मी अकरावीला वसतिगृहात आलो तेव्हा नागलीची भाकरी डब्यात न्यायची लाज वाटायची. आता हीच नागली गंगापूर रोडला हेल्दी म्हणून पाकिटात विकतात, मी स्वतः विकत घेतली आहे. बिल ठेवलंय, गावी दाखवायला.

ताईंना सांगायचं एवढंच: ज्या वर्गात सगळेच चाचपडत असतात तिथे तुमच्या मुलीचं मराठी अडलं तर कुणी हसणार नाही. जिथे सगळे सफाईदार असतात तिथे हसतात.

चिवडाप्रेमी | 7 मे, संध्याकाळी 7:40

पाकिटाचं बिल गावी दाखवायला ठेवणारा माणूस भेटला, धाग्याचे पैसे वसूल. बाय द वे मास्तर, चहाला काय म्हणायचं, तो की ते?

निवृत्त_मास्तर | 7 मे, संध्याकाळी 8:02

तो चहा. तुम्ही ढोसता ते मात्र 'ते'च असावं.

आयटीआयवाला | 8 मे, सकाळी 7:50

सगळे भाषेवर अडकलेत, मी जरा विषयांवर येतो. काही मनपा आणि जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांत नववीपासून व्यवसाय विषय आहेत, एनएसक्यूएफ नावाच्या कौशल्य आराखड्यातले. ऑटोमोबाइल, आयटी, ब्युटी अँड वेलनेस, मल्टिस्किल, शाळेनुसार वेगळे. आमच्या शाळेत तो एका भाषेच्या जागी घेता यायचा. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर गुण येतात. खाजगी इंग्रजी शाळांत हे सहसा बघायला मिळत नाही. मी मल्टिस्किलमध्ये पहिल्यांदा वेल्डिंगची कांडी हातात धरली, पुढे सातपूरच्या आयटीआयला फिटर, आता स्वतःचं छोटं जॉबवर्क आहे. तुमची मुलगी सायन्सला जाणार असेल तर सामनगाव रोडचं सरकारी पॉलिटेक्निकही डोक्यात ठेवा, दहावीनंतर थेट डिप्लोमा. मुलगी आहे, त्यामुळे अनुदानित शाळा-कॉलेजात बारावीपर्यंत शिक्षण फी तशीही नाही. आणि 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. म्हणजे आज 52 हजारांसाठी भिशी उचलून पुढे हात रिकामे करू नका.

अजून एक. चित्रकलेची हात असेल तर एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा द्यायला सांगा. इंटरमिजिएटला ए ग्रेड आली तर दहावीला 7 गुण वाढीव.

पुण्याहून_परत | 8 मे, सकाळी 8:30

"चित्रकलेची हात"? मराठी सांभाळा राव, नपुंसकलिंगाचा धागा आहे. :)

बाकी तुमची माहिती चांगली आहे, मान्य. मी एनएसक्यूएफ विसरलोच होतो.

आयटीआयवाला | 8 मे, सकाळी 8:34

चित्रकलेचा हात. फिटरच्या हातून एवढी सूट द्या.

गोदाकाठचा | 8 मे, सकाळी 9:10

एनएमएमएस शिष्यवृत्तीबद्दल कुणी बोललं नाही अजून.

निवृत्त_मास्तर | 8 मे, सकाळी 10:05

मुद्दाम बोललो नव्हतो, कारण त्यात ताईंना वाईट वाटेल असं आहे. पण विषय निघालाच.

एनएमएमएस ही आठवीत द्यायची परीक्षा. बुद्धिमत्ता आणि शालेय विषय, दोन पेपर, 90-90 प्रश्न. पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला 12 हजार, मुलाच्या खात्यात. पण ती फक्त सरकारी, मनपा-जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांतल्या मुलांना. विनाअनुदानित शाळेतल्या आरटीईच्या मुलांना बसता येत नाही. म्हणजे सर्वांत गरजू मुलगी, पण खाजगी बाकावर बसलेली, म्हणून बाद. ताई, ती संधी तुमच्या मुलीची गेली. धाकट्याच्या बाबतीत लक्षात ठेवा.

या शिष्यवृत्तीसाठी मी दरवर्षी डिसेंबरपर्यंत शाळा सुटल्यावर जादा तास घ्यायचो. सगळ्यांत जास्त पोरं बसायची ती एमआयडीसीतली. त्यांच्याकडे 12 हजार म्हणजे दोन महिन्यांचं खोलीभाडं.

एक सल मात्र अजून आहे. परराज्यातल्या मागासवर्गीय पोराला इथल्या बाकीच्या शिष्यवृत्त्या मिळत नाहीत, कारण जातीच्या दाखल्याला महाराष्ट्रातला जुना रहिवास लागतो. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा. बाप 2005 साली रेल्वेने उतरला, तो 1967 चा कागद कुठून आणणार? ते पोर वर्गात पहिलं यायचं आणि यादीत नाव नसायचं. कारण विचारलं की मी "कागद कमी पडला" म्हणायचो. कुठला कागद, ते सांगायची हिंमत झाली नाही.

सातपूरची_आई | 8 मे, दुपारी 12:20

मास्तर काका, वाईट वाटलं खरं. आठवीत शाळेने कधी या परीक्षेचं नावही काढलं नव्हतं, आता कळलं का ते.

पण खूप मदत झाली. शाळा उघडल्यावर मुख्याध्यापिकांना भेटते आणि तीन प्रश्न विचारून येते. किल्लीचा पण.

वडाळा_नाका | 8 मे, दुपारी 12:41

दाखला काढताना जुन्या शाळेकडून नाव, जन्मतारीख, जात, सगळं स्पेलिंगसकट तपासा. इंग्रजी शाळेतून मराठी शाळेत नाव जाताना "शेख"चं "शैख" झालं की दहावीचा फॉर्म भरताना रडायची पाळी येते. आमच्याकडे आली होती.

प्रेसवाली | 8 मे, दुपारी 1:30

आणि ताई, मुलीला एकदा तुमच्याशिवाय शाळा बघू द्या. खरं काय वाटतं ते तिथून परत येताना रस्त्यात सांगेल. घरात नाही सांगणार.

(पुढची अवांतर चर्चा, "अंबडची मिसळ की सातपूरची", वेगळ्या धाग्यावर हलवली आहे. 41 प्रतिसाद. – व्यवस्थापन)

सातपूरची_आई | 19 जून, रात्री 9:55

धागा वर आणतेय, कारण बऱ्याच जणांनी व्यनि करून विचारलं.

शाळा उघडली त्या दिवशी गेले. मुख्याध्यापिका पन्नाशीच्या, टेबलावर दाखल्यांचा ढीग. तीन प्रश्न विचारले. गणिताचे सर कायम. विज्ञानाच्या मॅडम तासिकेवर, पण तीन वर्षं त्याच आहेत. हजेरीपट मागितल्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "हे विचारायला तुम्हाला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, एका गणिताच्या मास्तरांनी. पट काढून दाखवला. नववीला 58, दहावीला 49. नऊ कुठे गेली विचारलं. चार होळीला गावी गेली ती वार्षिक परीक्षेला परतलीच नाहीत, दोघांच्या वडिलांचं काम पुण्याला, चाकणला गेलं, एका मुलीचं लग्न झालं (हे सांगताना त्यांनी पट मिटला), दोन नापास. खोटं बोलत नाहीत असं वाटलं. खोटं बोलायचं असतं तर लग्नाचं सांगितलं नसतं.

प्रयोगशाळेची किल्ली त्यांच्याच पर्समध्ये निघाली. उघडून दाखवली. धूळ होती, पण टेस्टट्यूब ओल्या होत्या.

प्रेसवाली ताई, तुमचं ऐकलं. मुलीला एकटीला पाठवलं. परत येताना मीच तिला रस्त्यात गाठलं. म्हणाली, "आई, इथे माझ्या इंग्रजीला सगळे ओ म्हणाले आणि माझ्या मराठीला कुणी हसलं नाही." ॲडमिशन घेतलं.

सगळं छान आहे असं नाही हां. बाक मोडका आहे, संडासाला कडी नाही, मुली जोडीजोडीने जातात. त्यासाठी मी आणि अजून तीन आया सोमवारी जाणार आहोत, कडी घेऊनच. आणि पहिल्याच आठवड्यात इतिहासात "राष्ट्रवाद" शब्दाला अडली, रात्री अकरापर्यंत बसलो. शेजारच्या काकू अजून बोलत नाहीत माझ्याशी, पण त्यांचा नातू गणिताला आमच्याकडे येतो.

पुण्याहून_परत | 19 जून, रात्री 10:20

58 पैकी 49 वाईट आकडा नाही. मी माझं मत थोडं मागे घेतो. थोडंच. दिवाळीनंतर प्रगतिपुस्तक टाका, मग बघू.

निवृत्त_मास्तर | 19 जून, रात्री 10:31

टेस्टट्यूब ओल्या होत्या, हे वाचून बरं वाटलं. विज्ञानाच्या मॅडमना सांगा, ऑगस्टपासून शनिवारी मी मोकळा असतो. एनएमएमएसची आठवीची पोरं असतील तर येतो. रिक्षाचं भाडं मीच देईन.

सातपूरची_आई | 19 जून, रात्री 10:44

काका, उद्याच सांगते!

आणि पेठ_सुरगाणा दादा, तुमच्यासाठी एक काम आहे. नववीचा नवा तक्ता करतायत. मुलीच्या बाकावर पेठकडची एक मुलगी आहे, ती अजून फारशी बोलत नाही. बाईंनी हिला सांगितलंय, त्यांच्या कोकणा बोलीत कांद्याला काय म्हणतात ते तिच्याकडून काढून आण. तीन दिवस झाले, ती नुसती हसते. काय म्हणता तुम्ही?

पेठ_सुरगाणा | 19 जून, रात्री 10:58

ताई, मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही. ती सांगेल. तक्त्यावर खाली तिचं नाव यायला हवं ना.

खान्देशी_भो | 19 जून, रात्री 11:03

आणि "कांदा"च निघाला तरी ओळ वेगळीच लिहायची बरं का!